हिरवा, पांढरा, लाल

प्रिय बाळ्या,

तुझ्या नेटवर्कची वाट बघत बसण्यापेक्षा म्हटलं सरळ पत्रच लिहू, कुठल्यातरी पोर्टला मिळेल तेव्हा मिळेल. परवा चोरबाजारात एक मेडल दिसलं, ब्राँझचं, दुकानदार छातीठोकपणे म्हणे नेव्हीचंय. अरे नेव्हीचं कसलं, मर्कंटाइल मरीन वॉर मेडल ते, पहिल्या महायुद्धातलं, म्हणजे तुमच्यासारख्या माल वाहणाऱ्यांचं. १९१९ मधे काढलं, १,३३,१३५ वाटली.

एका बाजूला पाचवा जॉर्ज, बोडका, मुकुटबिकुट नाही. ते जाऊदे, गंमत मागे आहे. खवळलेल्या समुद्रात स्टीमर पाणी कापत निघालीय, पाठीमागे बुडणारी पाणबुडी आणि एक शिडाचं जहाज. लाटा अजून बोटाला लागतात, पाणबुडी मात्र घासून पार गुळगुळीत.

पण मी अडकलो रिबनवर. अर्धी हिरवी, अर्धी लाल, मधे बारीक पांढरी रेघ. तुला काय सांगायचं, तुमचेच दिवे! जमन्याचा हिरवा, डाव्याचा लाल आणि डोलकाठीवरचा पांढरा (आजोबा स्टारबोर्डला, म्हणजे जहाजाच्या उजव्या अंगाला, मरेपर्यंत जमनाच म्हणत होते). तूच शिकवलेलंस ना, रात्री तिन्ही एकदम दिसले की समजायचं समोरचा थेट आपल्यावर येतोय. आणि त्या लढाईत पाणबुड्यांच्या धास्तीने ही जहाजं धोक्याच्या पट्ट्यात दिवे मालवून जायची, म्हणजे जे बोटीवर लावायची चोरी तेच नंतर छातीवर लावायला दिलं. हसावं की काय करावं कळेना, तिथेच उभा राहिलो.

कडेवर नाव कोरलंय, नुसतं नाव, हुद्दा नाही नंबर नाही, त्यामुळे हा गोरा कॅप्टन होता की कोळसा ओढत होता पत्ता लागत नाही. मला हे भारी आवडलं. आमचे पणजोबा त्याच वर्षांत डेकवर खलाशी, ते आले परत, पण घरात त्यांची पत्र्याची ट्रंक तेवढी राहिली. न आलेल्यांसाठी मस्जिद बंदरला सेलर्स होममधे स्मारक आहे, दोन हजारांवर माणसं रे, सुट्टीत आलास की जाऊ.

मेडल घेतलं शेवटी, आई ओरडली. रिबन सुटून आलीय, हिरवा कुठल्या अंगाला ठेवू? समोरून येणाऱ्या जहाजासारखा की तुझ्या ब्रिजवरून दिसतो तसा?

तुझा,
पक्या