नाव पांडुरंगच ठेवलंय

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाळाचं नाव आजोबांचंच, पांडुरंग ठेवलं. रविवारी बारशात ताईनं कानात सांगितलं, पाठीवर धपाटे खाल्ले, आणि काल वॉर्ड ऑफिसात नोंदही झाली. बाबा, फोनवर मी "अजून नक्की नाही" म्हणालो, ते खरं नव्हतं. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यात वाद नको वाटला.

तुमच्याशिवाय बारसं केलं हे मनाला लागलंय. पण डॉक्टर प्रवासाला नको म्हणाले, आणि हिच्या आईचं परतीचं तिकीट ठरलेलं. आई, घुगऱ्या तू सांगितलेल्या मापानंच केल्या. जरा कच्च्या राहिल्या.

बाबा, तुमची भीती मला कळते. १९७५ साली दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' आला आणि मुंबईतला प्रत्येक शिपाई पांडू झाला. नाक्यावरची पोरं अजूनही हवालदार दिसला की "पांडू आला" म्हणतात. तुम्ही तेव्हा चौदा वर्षांचे. आजोबा गिरणीतली पाळी संपवून चाळीत शिरले की वरून "पांडू" म्हणून हाका यायच्या. तुम्ही बादली फेकलीत ती गोष्ट आत्यानं सांगितली मला, तुम्ही कधी बोलला नाहीत. म्हणून तुम्हाला विहान हवं होतं, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या एका बिल्डिंगमध्ये तीन विहान आहेत हो! वॉचमन 'चौथ्या मजल्याचा', 'सायकलवाला' असं सांगतो. आजोबांच्या खात्यातही चार पांडुरंग होते ना, हजेरीला गावाचं नाव जोडावं लागायचं? तेव्हाचा विहान म्हणजे पांडुरंगच.

आई, "पोर सावळं आणि नाव पांडुरंग?" म्हणून तू हसलीस. पांडुर म्हणजे फिकट पांढरा, पांडुरंग म्हणजे गोऱ्या अंगाचा, हे बरोबर आहे. पण विठोबा तरी कुठे गोरा? मी जरा वाचलं. पंढरपूरचं जुनं कानडी नाव 'पंडरगे', त्यालाच संस्कृत वेष चढून पांडुरंग झालं, असं संस्कृत पंडित रा. गो. भांडारकरांचं मत. म्हणजे आधी गावाचं नाव, मग देवाचं, मग आजोबांचं. जुन्या जैन पंडित हेमचंद्राच्या कोशात तर पांडुरंग म्हणजे शंकर! तेव्हा गोऱ्या-काळ्याचं सोडून दे.

आणि बाबा, आजोबा ज्या रस्त्यानं जन्मभर गिरणीत गेले, ज्याला तुम्ही अजून तुळशी पाईप रोडच म्हणता, तो सेनापती बापट मार्ग. मुळशी सत्याग्रहातल्या त्या सेनापतींचं नाव पांडुरंग महादेव बापट. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न काणे, पांडुरंग वामन. आपल्या पालगडचे साने गुरुजी, पांडुरंग सदाशिव. विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. एका पांडुरंगानं दुसऱ्याचं दार उघडायला लावलं. क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे तर मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ झाले, तिथला चित्रकार दिएगो रिवेरानं त्यांना भित्तिचित्रात काढलं. एवढी माणसं एका सिनेमापायी पुसून टाकायची का?

वकिली झाली माझी. खरं कारण एवढं मोठं नाही. मला ताप भरला की तुम्ही कपाळावर हात ठेवून "पांडुरंग, पांडुरंग" म्हणत बसायचात. देवाला हाक मारत होतात की आजोबांना, मी कधी विचारलं नाही. बारशाआधी बाळ लस टोचल्यावर रात्रभर किरकिरत होतं, तेव्हा माझ्याही तोंडून तेच निघालं. नाव तेव्हाच ठरलं.

कोणी पांडू म्हणून चिडवलंच, तर बादली मी फेकीन. तुम्हाला जड जात असेल तर तुम्ही बाळच म्हणा, काही बिघडत नाही.

आता ऐका. थेंब वेळच्या वेळी घाला, दोन औषधांच्या थेंबांमध्ये पाच मिनिटं थांबा. डोळा चोळू नका, डोक्यावरून पाणी घेऊ नका. विहिरीची मोटर बंद पडली तर वाकून बघत बसू नका, शेजारच्या पोराला हाक मारा. आई, तूही बीपीची गोळी "बरं वाटतंय" म्हणून सोडू नकोस. डॉक्टरांनी हो म्हटलं की मी स्वतः न्यायला येईन, एसटीनं यायचं नाही. लिफ्ट चालू झालीय. पाळणा आमच्या खोलीत ठेवलाय, तुमची खिडकीकडची खोली तशीच आहे. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलाय.

तुमचा,
बंड्या

ता. क. आई, बाबांच्या डोळ्यांना ताण नको, पत्र तूच वाचून दाखव. हवालदाराचा भाग गाळलास तरी चालेल.