तक्रार: मागितली पाण्याची तपासणी, केली लेव्हलची

प्रति,
सर्व्हिस विभाग प्रमुख आणि ग्राहक सेवा प्रमुख

विषय: पाण्यातून गेलेल्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच्या गिअर ऑइलमध्ये पाणी आहे का, हे न पाहताच जॉबकार्डवर ‘ठीक’ लिहिल्याबद्दल

आपल्या तांत्रिक सल्लागारांशी फोनवर झालेलं बोलणं आत्ताच संपलं. यापुढे मी फोन करणार नाही, म्हणून सगळं लेखी देत आहे.

गाडी सर्व्हिस सेंटरला देताना जॉबकार्डवर माझी मागणी स्पष्ट लिहून घेतली होती: गाडी अ‍ॅक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा पोकळ भाग) बुडेल इतक्या पाण्यातून गेली आहे, पुढचं आणि मागचं डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधली, दोन्ही चाकं फिरवणारी गिअरपेटी), ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) आणि गिअरबॉक्स या चारही ठिकाणच्या तेलात पाणी आहे का ते तपासावं. ती खोली आपल्याच माहितीपत्रकात छापलेल्या मर्यादेच्या आत होती. गाडी परत आली तेव्हा चारही रकान्यांत एकच शेरा होता, ‘ऑइल लेव्हल ठीक’. गाडी एका जागी बराच वेळ उभी राहिल्यावर मागच्या डिफरन्शियलचा ड्रेन प्लग (तेल सोडायचं तळाचं बूच) थोडा सैल केला, तर आधी पाणी आलं आणि त्यामागून दुधाच्या चहासारखं तेल. नमुना काचेच्या बरणीत ठेवला आहे, फोटो सोबत जोडले आहेत.

आता फोनवर काय झालं ते वाचा. मी विचारलं, तेलात पाणी आहे का ते पाहिलं होतं का? उत्तर आलं, “लेव्हल पाहिली, फुल आहे.” मी म्हटलं, लेव्हल मी विचारलेली नाही. त्यावर मला समजावण्यात आलं, “तेल कमी झालेलं नाही म्हणजे सील चांगलं आहे. सील चांगलं असेल तर पाणी आत जाऊच शकत नाही.” (सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी कडी.) मी सांगितलं की फिलर प्लग (तेल भरायच्या भोकाचं बूच) काढताच तेल भोकातून बाहेर वाहिलं, म्हणजे लेव्हल नुसती पुरेशी नाही, असायला हवी त्याहून जास्त आहे, मग हे वाढलेलं कुठून आलं? थोडी शांतता. मग फोन वरिष्ठांकडे गेला. वरिष्ठ म्हणाले, “गिअर फिरताना तेल घुसळतं, फेस येतो, त्यामुळे रंग फिका दिसतो.” मी म्हटलं, फेस अर्ध्या-पाऊण तासात विरतो. बरणी कालपासून हललेली नाही, तेल अजून दुधाळ आहे आणि तळाशी पाण्याचा थर स्वच्छ दिसतो. यावर त्यांनी विचारलं, “तुम्ही मेकॅनिक आहात का?”

मेकॅनिक असलो काय आणि नसलो काय, बरणीतलं पाणी बदलत नाही. मी आपल्या गाडीबद्दल एक साधा तांत्रिक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर देता आलं नाही म्हणून माझी लायकी विचारण्यात आली. त्यानंतर लगेच, “प्लग तुम्ही उघडलात, आता वॉरंटीचं आम्ही सांगू शकत नाही. पुढच्या सर्व्हिसला आणा, बघू.” ज्या कामासाठी गाडी आपल्याकडे दिली होती ते केलं गेलं नाही, म्हणून प्लग मला उघडावा लागला. आणि उघडला म्हणून दोष माझा! हा अपमान मी विसरणार नाही.

‘सील चांगलं असेल तर पाणी जात नाही’ हे वाक्य आपल्या कंपनीच्या कोणी बोलावं याचं मला खरोखर वाईट वाटतं. बराच वेळ चालून आलेल्या गाडीचं अ‍ॅक्सल हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असतं. आतली हवा ९० अंश सेल्सिअसला असेल आणि गार पाण्यात उतरल्यावर ती २५ अंशांपर्यंत आली, तर बंद जागेत तिचा दाब सुमारे १८ टक्के उतरतो. ही ओढ साधारण १.८ मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाएवढी आहे. म्हणजे अ‍ॅक्सलवर फक्त अर्धा मीटर पाणी असलं तरी खरा जोर बाहेरच्या पाण्याचा नसतो, आतल्या निर्वाताचा असतो. ही ओढ भागवायला ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाऊ देणारं छोटं तोंड, असतो. ब्रीदरचं तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणीच आत खेचलं जातं. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ओढ ऑइल सीलवर येते. सीलची मुख्य कड तेल बाहेर जाऊ नये यासाठी आत तोंड करून बसवलेली असते, बाहेरून दाब आला की ती उचलली जाते. त्यामुळे अगदी नवं, एक थेंब तेल न गळणारं सीलसुद्धा पाणी आत घेऊ शकतं. गळती नाही याचा अर्थ पाणी नाही असा होत नाही.

ब्रीदर बुजलेला असेल तर उलटंही होतं. अ‍ॅक्सल तापलं की आतला दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर, कधी थेट ब्रेकवर येतं. म्हणून पाण्यातून आलेल्या गाडीचा ब्रीदर काढून, साफ करून, फुंकून पाहणं हे पहिलं काम. ते जॉबकार्डवर कुठेच नाही.

लेव्हलबद्दल पुन्हा सांगतो, कारण आपल्याकडे दोघांनाही ते कळलं नाही. लेव्हल पाहायची ती फिलरच्या भोकाच्या खालच्या काठाशी. पाणी तेलापेक्षा जड. गिअर ऑइलची घनता साधारण ०.९, पाण्याची १. गाडी उभी राहिली की सुटं पाणी तळाला बसतं आणि तेल वर तरंगतं. फिलरमध्ये बोट घालून पाहणाऱ्याच्या बोटाला लागतं ते वरचं, त्यातल्या त्यात चांगलं तेल. ज्या जागी पाणी असतं तिथे तो पोहोचतच नाही. दोन लिटरच्या डिफरन्शियलमध्ये १०० मिलिलिटर पाणी शिरलं तर लेव्हल कमी होत नाही, वाढते, आणि तपासणारा समाधानाने ‘ठीक’ लिहितो. ज्या तपासणीत बिघाड झाल्यावर निकाल आणखी चांगला दिसतो, ती तपासणी या कामाला लावायचीच नाही.

तपासणी कशी व्हायला हवी होती ते लिहून देतो, म्हणजे ‘ग्राहकाने नेमकं काय मागितलं ते कळलं नाही’ असं कोणाला म्हणता येणार नाही. गाडी सपाट जागेवर किमान काही तास, शक्यतो रात्रभर, उभी ठेवायची. चालवून आणून लगेच नाही, कारण तेव्हा पाणी, तेल आणि हवा एकत्र घुसळलेली असतात आणि काहीच ओळखू येत नाही. प्लगभोवतीचा चिखल आधी धुऊन पुसायचा, नाहीतर बाहेरची घाण नमुन्यात येते. मग आधी फिलर प्लग सैल करून तो सुटतो याची खात्री करायची. ड्रेन आधी उघडला आणि फिलर गंजून अडकलेला निघाला, तर गाडी तेलाविना जागेवर राहते. त्यानंतर ड्रेन प्लग पूर्ण न काढता हळूहळू सैल करायचा आणि पहिलं ५० ते १०० मिलिलिटर स्वच्छ, पारदर्शक बरणीत धरायचं. उत्तर या पहिल्या धारेत असतं. सगळं तेल एकदम मोठ्या ट्रेमध्ये सोडलं की ते मिसळून जातं आणि थोडं पाणी दिसत नाही.

आधी पाणी आलं तर विषय संपला. नुसतं दुधाळ तेल आलं तर बरणी हलवू नका. फेस असेल तर वरून साफ होत जातो. पाणी मिसळलेलं असेल तर दुधाळपणा टिकतो, काही वेळा तळाला थर जमतो, काही वेळा गिअरनी इतकं घुसळलेलं असतं की वेगळं होतच नाही. तेल दिसायला साफ असेल आणि तरी शंका असेल तर १५० ते १६० अंशांवर तापवलेल्या तव्यावर एक थेंब टाकायचा, डोळ्यांवर चष्मा लावून, कारण थेंब उडतो. तेल शांत पसरलं तर सुटं पाणी नाही. बारीक बुडबुडे येऊन विरले तर पाण्याचं प्रमाण साधारण ०.०५ ते ०.१ टक्के. मोठे बुडबुडे आणि तडतड आवाज असेल तर ०.२ टक्क्यांच्या वर. नेमका आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेत कार्ल फिशर पद्धतीने मोजता येतो. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी, मऊ लापशी असणं नेहमीचं आहे. तांबूस गंज किंवा हाताला टोचणारे तुकडे असतील तर हाउसिंग (गिअरवरचं बाहेरचं कवच) उघडावंच लागतं.

ही तपासणी चारही ठिकाणी करायला कोणतंही महागडं यंत्र लागत नाही. चार बरण्या लागतात.

‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ याचा अर्थ तोपर्यंत काय होईल ते आपल्याला माहीत असायला हवं. डिफरन्शियलमधले क्राउन-पिनियन (एकमेकांत अडकणारी मोठी आणि लहान दातेरी चाकं) हायपॉइड आहेत, म्हणजे त्यांचे अक्ष एकमेकांना छेदत नाहीत. त्यांचे दात एकमेकांवर फक्त लोळत नाहीत, घासतातही, म्हणून तिथे जीएल-५ दर्जाचं, गंधक आणि फॉस्फरसयुक्त जास्त दाब सोसणारं तेल लागतं. तेलात पाणी आलं की दातांमधला थर पातळ पडतो, त्या घटकांचं काम बिघडतं आणि बेअरिंगच्या रोलरवर गंज चढायला लागतो. गाडी उभी असते तेव्हा रोलर ज्या रेषेत टेकलेले असतात, नेमक्या तिथे डाग पडतात. पुढे तिथूनच पापुद्रा निघतो, मग गुणगुण ऐकू येते, आणि गुणगुण ऐकू येईपर्यंत फक्त तेल बदलून भागायची वेळ निघून गेलेली असते. पाणी आपोआप उडूनही जात नाही. अ‍ॅक्सल सहसा इतका वेळ इतकं तापत नाही आणि ब्रीदरचं भोक लहान असतं.

आमच्या मागण्या अशा आहेत. चारही ठिकाणचं तेल माझ्यासमोर काढावं. मागच्या डिफरन्शियलमध्ये त्याच ग्रेडचं तेल भरून थोडं अंतर गाडी चालवून ते पुन्हा सोडावं आणि साफ तेल येईपर्यंत हे परत करावं. रॉकेल किंवा पेट्रोलने धुऊन वेळ वाचवू नये, त्याचे अवशेष नवं तेल पातळ करतात. ड्रेन प्लगला नवा वॉशर घालावा. कव्हर उघडून बेअरिंग आणि क्राउन-पिनियन पाहावेत आणि निष्कर्ष लेखी द्यावा. पुढच्या चाकांच्या हबचं ग्रीसही तपासावं, तेही त्याच पाण्यात होतं. ब्रीदरला नळी जोडून तिचं तोंड इंजिनच्या डब्यात उंचावर न्यावं. हा सगळा खर्च कंपनीने करावा, कारण तपासणी वेळेवर मागितली होती आणि ती केली गेली नाही.

शिवाय, पाण्याची खोली जाहिरातीत छापायची असेल तर पाण्यातून आल्यावर करायची ही तपासणी आपल्या सर्व्हिसच्या यादीत आणि वाहनपुस्तिकेत छापा. आपली गाडी पाण्यात उतरवण्यासाठी बनवलेली आहे यावर विश्वास ठेवून ती घेतली होती. आज तो विश्वास फार कमी उरला आहे, आणि हे मी रागाच्या भरात लिहीत नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर बरणीतला नमुना स्वतंत्र प्रयोगशाळेत देऊन तिचा अहवाल, हे पत्र आणि ‘लेव्हल ठीक’ लिहिलेलं जॉबकार्ड घेऊन ग्राहक न्यायालयात जाईन. ‘तुम्ही मेकॅनिक आहात का’ हा प्रश्न त्या अर्जातही असेल. उत्तर सर्व्हिस विभाग प्रमुखांच्या सहीचं हवं. फोन नको.

तक्रारदार ग्राहक

सोबत: जॉबकार्डची प्रत, बरणीतल्या नमुन्याचे आणि ड्रेन प्लगचे फोटो