सेंट पॉलचा घुमट

लंडन

चि. मृण्मयी हिस अनेक आशीर्वाद.

सहल कंपनीच्या बसने आम्हांला लंडनमधील बहुतेक नामांकित स्थळे दाखवली. बकिंगहॅम राजवाडा फाटकाबाहेरून, बिग बेन पुलावरून, आणि टॉवर ऑफ लंडनमधील कोहिनूर सरकत्या पट्ट्यावर उभे राहून पाहिला. पंढरपूरला निदान पायांवर डोके तरी टेकू देतात, असे तुझ्या आईचे म्हणणे पडले.

सेंट पॉल कॅथेड्रलसाठी मात्र आम्ही एक पूर्ण सकाळ राखून ठेवली होती. तू वास्तुकला शिकत आहेस, म्हणून त्याविषयीच सविस्तर लिहितो. १६६६ च्या आगीत जुने कॅथेड्रल जळाल्यावर ख्रिस्टोफर रेनने १६७५ मध्ये नव्याचे काम सुरू केले. साऱ्या शहरातून दिसावा इतका उंच घुमट बांधला, तर खालून पाहणाऱ्याला तो अरुंद आणि काळोखी पोकळी वाटेल, हा त्याच्यापुढचा पेच होता. म्हणून त्याने एकावर एक तीन कवचे रचली. आतून चित्रांनी रंगवलेला दिसतो तो ठेंगणा घुमट वेगळा. बाहेरून दिसतो तो लाकडी सांगाड्यावर शिशाचे पत्रे चढवलेला. आणि या दोहोंच्या मधोमध, कुठूनही न दिसणारा विटांचा शंकू आहे, जो शिखरावरील दगडी मनोऱ्याचा शेकडो टनांचा भार पेलतो. हा भार बाहेर फाकू नये म्हणून बुडाशी लोखंडी साखळी आवळलेली आहे. विजापूरचा गोल घुमट तू अभ्यास सहलीत पाहिलास. कुजबुजीची गॅलरी दोन्हीकडे आहे, परंतु तिथे आत दिसते तेच कवच बाहेरही असते. माझ्या मते विजापूरचा घुमट अधिक प्रामाणिक, तर हा अधिक हुशार.

मनोऱ्यावरचा अखेरचा दगड १७०८ मध्ये रेनच्या मुलाने बसवला. तेव्हा रेनने पंचाहत्तरी ओलांडली होती. रिचमंड पार्कमधील एका टेकाडावरून, झाडांत राखलेल्या फटीतून, सुमारे १६ किलोमीटरवरचा हा घुमट आजही दिसतो, आणि तो दिसत राहावा म्हणून मधल्या इमारतींच्या उंचीवर बंधने आहेत. आपल्या नगररचनाकारांनी एवढे जरी घेतले, तरी पुष्कळ होईल.

उद्या प्रिमरोझ हिलजवळचे, बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते ते घर पाहू. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतले. बसच्या यादीत नसल्याने आमचे आम्हीच जाणार आहोत.

घुमटाचे छेदचित्र सोबत पाठवत आहे. त्यावरून शंकूच्या भिंतीचा कल मोजून मला कळव.

तुझे,
बाबा