पुण्याच्या ‘नल’ मीटमधल्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

‘नल’ या संगणक-सुरक्षेतल्या मंडळींच्या खुल्या गटाच्या मीटमधलं, हल्ले ओळखून रोखायला शिकवणारं ‘बचाव’ सत्र संपल्यावर तुम्ही खुर्च्या आवरण्यात गुंतला होतात आणि मला सांगलीची गाडी गाठायची होती, म्हणून आभार मानायचे राहून गेले. हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. सहकारी बँकांत, पतसंस्थांत एकट्याने आयटी सांभाळणारे माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत. विचारायचं कोणाला, हाच त्यांचा प्रश्न असतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यानंतर ‘आपल्याकडे असं होणार नाही ना?’ असं आमचे संचालक मला दर बैठकीत विचारायचे. मीटमध्ये मी तोच प्रश्न भीतभीत तुमच्यापुढे ठेवला, तोही मराठीत. तुम्ही मराठीतच उत्तर दिलंत. फळ्यावर तीन चौकोन काढलेत: एटीएम, स्विच (दोघांमध्ये निरोप पोचवणारी यंत्रणा) आणि कोअर बँकिंग (खात्यांचा हिशेब ठेवणारी बँकेची मुख्य प्रणाली). कार्ड घातलं की खात्यात पैसे आहेत का, हे स्विच कोअर बँकिंगला विचारतो. हल्लेखोरांनी मध्ये स्वतःचा बनावट स्विच बसवला आणि तो कोणालाही न विचारता परस्पर ‘हो’ म्हणत राहिला. म्हणून क्लोन केलेल्या, म्हणजे हुबेहूब नकली बनवलेल्या कार्डांवर २८ देशांत पैसे निघाले, आपल्या कोल्हापुरातही निघाले. इतकी वर्षं बातम्या वाचून जे उमगलं नव्हतं, ते त्या तीन चौकोनांत उमगलं.

मग तुम्ही विचारलंत, “तुमच्याकडे असं मध्ये कोणी शिरलं, तर तुम्हाला दिसेल का?” आणि चहा गार होऊ देत माझ्याशेजारी बसलात. विंडोज सर्व्हरच्या लॉगची, म्हणजे घडामोडींच्या नोंदींची, सरावाची फाइल होती. तिच्यात ४६२५ क्रमांकाच्या नोंदींची रांग होती, म्हणजे फसलेली लॉगिन. सगळी एकाच खात्यावर, मध्यरात्रीनंतरची. रांगेच्या शेवटी एकच ४६२४, म्हणजे यशस्वी लॉगिन. कोणीतरी आत शिरलं होतं. तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवून गप्प राहिलात. मला ते स्वतःहून दिसेपर्यंत थांबलात. असं शिकवणारं माणूस मला क्वचितच भेटलंय.

पैसे भरून केलेल्या ट्रेनिंगमधून मी प्रॉडक्टची माहितीपत्रकं घेऊन परतलोय. तुमच्याकडे फी नाही, हॉल मागून आणलेला, आणि बोलणारा स्वतः करून पाहिलेलंच सांगतो. याच मंडळींनी २०१० साली गोव्यात ‘नलकॉन’ ही सुरक्षा-परिषद उभी केली, यात मला आता काही नवल वाटत नाही.

आता आमच्या सर्व्हरचे लॉग रोज वेगळ्या मशीनवर जातात. व्हेंडरचं रिमोट कनेक्शन रात्रंदिवस चालू असायचं, ते आता फोन आल्यावरच उघडतो. व्यवस्थापकांना पटवायला तुमचे तीन चौकोनच कामी आले.

आणि माझ्या पहिल्या भाषणासाठी तुम्ही जागलात, ते कसं विसरू? स्लाइडमधल्या सगळ्या व्याख्या काढायला लावल्यात. म्हणालात, “शाखेतल्या कॅशियरपासून सुरू करा, ते तुमच्याइतकं इथे कोणालाच ठाऊक नाही.” भाषण झाल्यावर मोठ्या कंपन्यांतली मुलं माझ्याभोवती येऊन शाखेतलं कामकाज विचारत होती.

पुढच्या मीटला आमच्या तालुक्यातल्या पतसंस्थेचे दोघं माझ्यासोबत येताहेत. त्यांना बॅकअपबद्दल विचारायचंय, पण लोकांत बोलायला संकोचतात. सत्रानंतर त्यांच्यासाठी थोडा वेळ ठेवाल ना?

आपला,
सांगलीकर