पंखा फिरतो, मग गाडी का नाही?

चाकण,
कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना सा. न.

परवा फोनवर बाबांनी आपल्या कॅम्पर गाडीचा निकाल देऊन टाकला, ‘इंजिन बसलं, आता भंगारात.’ मागून आई सांगत होती, की चावी फिरवली की नुसतं ‘कट्’ वाजतं आणि समोरचा लाल दिवा विझतो. बाबा, रागावू नका, पण दोघांच्या बोलण्यातलं आईचंच कामाला येणार आहे. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि मला शॉपमध्ये उभं राहून ओरडता येत नाही, म्हणून लिहूनच पाठवते. कागद गाडीच्या कप्प्यात ठेवा.

आधी पंख्याचं. ‘मागचा पंखा फुल फिरतोय, म्हणजे बॅटरी ठणठणीत,’ असं तुम्ही म्हणालात. तो पंखा, फ्रीज आणि पलंगावरचा दिवा मागच्या बॅटरीवर चालतात. इंजिनची बॅटरी पुढे, वेगळी. इंजिन चालू असतं तेव्हाच रिले नावाचा स्विच दोघींना जोडतो, म्हणजे डायनॅमो दोन्ही चार्ज करतो. इंजिन बंद झालं की त्या पुन्हा सुट्या. तेव्हा पंखा कितीही गरगरला तरी पुढच्या बॅटरीचं त्यातून काही कळत नाही.

माझा संशय बॅटरीच्या टर्मिनलवर आहे. अख्खा पावसाळा गाडी गोडोलीच्या त्या ओलीत उभी होती. हेडलाइटला लागतात आठ-दहा अँपिअर, या डिझेल इंजिनाच्या सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरला, लागतात दोनशेच्या वर. गंजलेल्या जोडातून आठ-दहा निघून जातात, म्हणून दिवे लागतात आणि आपण फसतो. सेल्फने ओढ घेतली की जोड हात वर करतो. सेल्फवरचा चुंबकी स्विच, सॉलेनॉइड, ‘कट्’ करतो, तेवढ्यात लाल दिवाही जातो. नुसता सेल्फ बिघडला असता तर बहुधा दिवा तसाच राहिला असता. म्हणून तो मेकॅनिक ‘सेल्फच बदलू’ म्हणतोय त्याला तूर्त थांबवा.

आता तपासणी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या शेगडीचा सिलेंडर बंद. आई, पाटल्या काढून ठेव; बाबा, तुमची अंगठीसुद्धा. टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पिवळा मीटर आहे, त्याचा काटा डीसी २० व्होल्टवर आणायचा. पुढच्या बॅटरीच्या शिशाच्या दोन खुंट्यांवर टोकं टेकवा. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ दिसलं तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्जिंगला लावा, मगच पुढचं.

मग आईने चावी फिरवायची आणि बाबांनी आकडा बघायचा. सेल्फ मारताना खुंट्यांवरच आकडा साडेनऊच्या खाली आपटला तर बॅटरीत दम नाही किंवा सेल्फ जाम होऊन नको तेवढी ओढतोय. पण आकडा बाराच्या आसपासच राहिला आणि तरी ‘कट्’च, तर बॅटरीत ताकद आहे, वाट अडली आहे. हे आलं की तीच टोकं खुंटीवर न टेकवता तिच्यावर आवळलेल्या केबलच्या क्लँपवर टेकवून पुन्हा चावी मारा. खुंटीवर बारा आणि क्लँपवर तीन-चार, असं दिसलं की चोर सापडला.

क्लँप चांगले निघाले तर काळी केबल बघायची. मीटरचं एक टोक काळ्या बाजूच्या खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या रंग नसलेल्या लोखंडावर, आणि चावी. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थिंग खराब. ती केबल चेसिसला जिथे बोल्टने आवळली आहे तिथे चिखल बसतो, तिथे आधी बघा.

साफ करताना काळी केबल आधी काढायची आणि शेवटी लावायची. उलटं केलंत आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडेल. पांढरी-हिरवी बुरशी दिसेल त्यावर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ओता. फसफसेल, घाबरू नका, फक्त बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. मग पॉलिश पेपरने शिसं चकचकीत होईपर्यंत घासा, क्लँप घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. आवळल्यावर, आधी नाही.

सेल्फ जोरात फिरू लागला आणि तरी गाडी पेटली नाही, तर सायलेन्सरकडे बघा. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचत नाही: डिझेलच्या नळीने एअर घेतली असेल, फिल्टर चोंदला असेल, नाहीतर उंदराने वायर खाल्ली असेल. पांढरा धूर आला तर डिझेल पोचतंय पण जळत नाही, तेव्हा हीटर प्लग तपासायचे. आपलं इंजिन मर्सिडीजच्या जुन्या ओएम ६१६ च्या घराण्यातलं. थंड असताना हीटर प्लग तापल्याशिवाय ते ऐकत नाही. कुणी हवेच्या नळीत स्टार्टिंग स्प्रे मारायला आला तर त्याला हाकला. तापलेल्या प्लगवर तो स्फोटासारखा पेटतो.

आणि बाबा, उतारावरून सोडून गिअर टाकायचा विचार मनातून काढून टाका. मला माहीत आहे, तो आलेला असणार. इंजिन बंद असताना ब्रेकचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, मग पेडल दगडासारखं. आपल्या गल्लीच्या तोंडाशी दूधवाल्याच्या मोटरसायकली उभ्या असतात.

इंजिन खरंच जाम आहे का ते शेवटी बघू. पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून ते हाताने थोडं तरी फिरलं तर ‘बसलं’ म्हणायचं कारण नाही. पण ते आणि सेल्फ काढणं मी दिवाळीत आल्यावर. गाडीखाली झोपायचं काम बाबांनी करायचं नाही. आई, त्यांना अडवणं तुझ्याकडे.

आकडे कॅलेंडरवर लिहून मला कळवा: बंद असताना किती, चावी मारताना खुंटीवर किती, क्लँपवर किती. कुंभार्ली घाटातून चिपळूणला जायचं भाऊबीजेनंतर ठरवू, पण मावशीला तारीख सांगायची घाई करू नका.

तुमची,
मनू