चार्ट पाहून आकडा सांगता येत नाही

संपादक महोदय,

नाशिकमध्ये लॉटरीचे जुने चार्ट चाळून ‘हा आकडा बरेच दिवस आला नाही, आता येणारच’ असे छातीठोकपणे सांगणारे बरेच आहेत. त्यावर घरखर्चाचे पैसे लागतात, म्हणून हे पत्र.

०० ते ९९ मधला एक आकडा काढायचा असेल, तर प्रत्येक सोडतीत शंभरही आकडे पुन्हा रिंगणात असतात. आपला आकडा लागण्याची शक्यता दर वेळी १ टक्काच. आधी काय निघाले याने तिच्यात काडीचा फरक पडत नाही. न लागण्याची शक्यता ०.९९. ती शंभर वेळा गुणली की सुमारे ०.३७ येते. म्हणजे शंभर सोडतींनंतरही चार्टवर साधारण ३७ आकडे एकदाही आलेले नसतात, आणि त्यात संशयास्पद काहीच नाही. उलट अवघ्या १३ सोडतींत कुठला तरी आकडा दुसऱ्यांदा येण्याची शक्यता ५६ टक्क्यांच्या आसपास असते. संभाव्यता सांगते ते एवढेच. उद्याचा आकडा ती सांगत नाही.

दर वेळी रक्कम दुप्पट करण्याचा सल्ला तर घातकच. १० रुपयांपासून सुरू करून, दर वेळी दुप्पट करत दहा सोडती खेळले की १०,२३० रुपये लागतात, आणि एकाच आकड्यावर खेळणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांचे ते सगळे बुडतात.

बहुधा भिशीमुळे हा गोंधळ होत असावा. तिथे निघालेली चिठ्ठी परत टाकत नाहीत. वीस जणांत पहिल्या महिन्याला शक्यता विसात एक. दहा महिने नाव निघाले नाही, तर अकराव्या महिन्याला दहात एक. तिथे वाट पाहणाऱ्याची शक्यता खरोखरच वाढते, लॉटरीत नाही.

मात्र चिठ्ठ्या नीट मिसळल्या नाहीत तर भिशीचाही हिशेब बिघडतो. अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ रोजी सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत झाली. तारखांच्या कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या, पण पुरेशा ढवळल्या नव्हत्या. परिणामी वर्षअखेरच्या तारखा प्रमाणाबाहेर लवकर निघाल्या. तेव्हा भिशीच्या चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या, सारख्याच घड्यांच्या करा. सर्वांसमोर मोजून टाका. डबा निम्मा रिकामा हवा. गच्च भरलेल्या डब्यात चिठ्ठ्या जागच्या हलत नाहीत, मग तो कितीही हलवा.

– संख्याशास्त्राचा एक शिक्षक, गंगापूर रोड, नाशिक