14 एप्रिलचा छोटा झेंडा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, अग्निशमन दलाचे जवान एप्रिलमध्ये छातीला छोटा झेंडा का टोचतात, हे तुम्ही विचारलंत. फोनवर ते अर्धवटच सांगून झालं असतं.

14 एप्रिल 1944. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज उभं होतं. इंग्लंडहून निघताना त्यात सुमारे 1,400 टन स्फोटकं आणि सोन्याच्या विटा होत्या. कराचीत त्यात 8,700 कापसाच्या गाठी चढल्या, शिवाय तेल, लाकूड, गंधक. असं एकत्र भरायला कुणी परवानगी दिली असेल? पण लढाईचे दिवस होते.

दुपारी दोनच्या सुमारास जहाजाच्या दोन नंबरच्या कोठारातून धूर दिसला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला, एकूण 900 टनांहून जास्त पाणी गेलं. आग विझेना, कारण दाबून बांधलेली गाठ आतल्या आत धुमसते. पाणी वरून ओघळून जातं, आत मुरत नाही. अशी गाठ बाहेर ओढून, पट्ट्या तोडून, उकलून भिजवावी लागते. इथे तर धूर इतका दाट की आग नेमकी कुठे आहे तेच कळेना. त्यात कापूस खाली आणि स्फोटकं वर. पाणी साचलं तशा गाठी तरंगून जळत-जळत वर चढल्या. गोदीत शिरणाऱ्या स्फोटकांच्या जहाजावर लाल निशाण हवं, तेही नव्हतं.

3.50 ला जहाज सोडून बाहेर पडायचा हुकूम निघाला. 4.06 ला पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिमल्यापर्यंत धक्का नोंदला गेला. पाण्याचे होज धरलेले 66 जवान त्या दिवशी गेले. हा झेंडा त्यांचा. 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात तोही म्हणूनच. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे.

आता घरातलं. आई, कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही. पाणी तेलापेक्षा जड, तळाशी जातं, तिथे त्याची वाफ होते, साधारण 1,700 पट फुगते आणि पेटतं तेल छपरापर्यंत उडवते. गॅस बंद, वर सपाट झाकण, आणि गार होईपर्यंत ते उचलायचं नाही. कढई उचलून मोरीकडे नेणं तर सगळ्यात वाईट. कापसाच्या गादीचं मात्र गाठीसारखंच: वरून विझली म्हणून घरात ठेवू नका. आत ठिणगी राहते, तासांनंतरही पेटते. मोकळ्यावर नेऊन उसवून भिजवायची.

101 ला फोन लावलात तर पत्ता, जवळची खूण, मजला, काय जळतंय, आत कोण अडकलंय, सिलिंडर किंवा रंगाचे डबे कुठे आहेत, एवढं सांगायचं. समोरच्यानं ठेवा म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

बाबा, सोसायटीच्या सेक्रेटरींना विचाराल का, की जुलैचं फॉर्म 'ब', म्हणजे इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, आलं का? परवानाधारक एजन्सीकडून ते वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यावं लागतं. जिन्यातल्या आग विझवायच्या नळकांड्याचा काटा हिरव्यात आहे का तेही बघा. आणि मीटरच्या पेटीखाली रद्दीचा ढीग नि टर्पेंटाइनचा डबा आहे, तो आज संध्याकाळीच हलवा.

तुमची,
मनू